न दिसणाऱ्याचं वजन

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि., आणि त्यातलं विशेष एवढंच की मी हे पत्र टाळत होतो.

कारणं पाहिजे तेवढी आहेत. पेन गळत होतं, मेळ्याचा मुक्काम हलला, पोस्टाची पेटी लांब होती. खरं म्हणजे तुझं पत्र उशाखाली होतं आणि मी रोज त्याच्यावर डोकं ठेवून झोपत होतो. घरी कधी जातोस आणि आईला कधी सांगतोस, असं तू विचारलं होतंस. त्याला उत्तर नव्हतं म्हणून पत्र नव्हतं. उत्तर आजही नाही, पण तू पाठवलेले पाठकोरे कागद आहेत. दादाची बातमी फोनवर आली आणि आईने फोन उचलणंच सोडलं, तेव्हापासून आपण सगळे तुझ्या वेधशाळेतल्या वाया गेलेल्या कागदांवर जगतोय. आईची पत्रंसुद्धा मागून ताऱ्यांनी भरलेली असतात.

मी सध्या आनंदमेळ्यात आहे. मधोमध खांब, वर छत्रीसारखं चाक, चाकाला साखळ्या आणि साखळ्यांना खुर्च्या, असा आमचा पाळणा. मी लोकांच्या कमरेचे पट्टे लावतो, खटका दाबतो, लोक ओरडायला लागले की वर बघतो. मालकांना सगळे मामा म्हणतात. ते कुणाचेच मामा नाहीत. राहायला चाकांवरची पत्र्याची खोली मिळाली आहे. तिच्या दाराची बिजागरी ढिली झाल्यामुळे दार वाऱ्याने सारखं उघडतं. मामांना सांगितलं तर ते म्हणाले की तुझ्याकडे चोरून नेण्यासारखं काय आहे ते आधी दाखव.

परवा पत्र्याने बोट कापलं. मला पत्ताच नाही. ज्या बाईंचा पट्टा लावत होतो त्यांनी सांगितलं की अहो, रक्त येतंय. हल्ली असं होतं. दुखायला पाहिजे तिथे काही दुखत नाही. दादाची समुद्र-सर्वेक्षणाची बोट परत आली आणि तो तेवढा आला नाही, तेव्हा रडू आलं नाही. वाटलं, उशिरा येईल. अजून आलेलं नाही.

काय सांगत होतो? हां, तुझा कागद. या कागदाच्या मागे एक रेघ आहे. ती सुरुवातीला वर चढते आणि मग सरळ आडवी जाते, टेबलासारखी. तिच्याखाली तुटक तुटक दुसरी रेघ आहे, ती मात्र घसरगुंडीसारखी खाली येते. दोघींच्या मधल्या जागेत तू पेन्सिलीने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आहेस. तुझं प्रश्नचिन्ह मी लहानपणापासून ओळखतो, त्याच्या पोटात नेहमी राग असतो. कशाचा राग आहे ते कळव.

घरचं पुढच्या पत्रात लिहीन. लोभ आहे तेवढा राहू दे, मी वाढवून मागत नाही.

तुझा,
भिंगऱ्या


१० फेब्रुवारी

चि. भिंगऱ्यास,

अनेक आशीर्वाद. त्यांतला एक कान पिरगाळायला राखून ठेवला आहे.

रेघेचं आधी सांगते, नाहीतर तू पुढचं वाचायचा नाहीस. आडव्या बाजूला अंतर, उभ्या बाजूला वेग. एखाद्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या मोठ्या भोवऱ्यात, मध्यापासून लांब असलेला तारा किती जोरात फिरतो त्याची ती रेघ आहे. दिसणारे तारे आणि वायू यांचं सगळं वजन धरलं, तर बाहेरचे तारे हळू फिरायला हवेत. ती तुझी घसरगुंडी. प्रत्यक्षात ते हळू होतच नाहीत. ते टेबल. एवढ्या जोरात फिरूनही ते उधळून जात नाहीत, म्हणजे त्यांना काहीतरी धरून आहे. तुझ्या पाळण्यात बाहेरची खुर्ची सुटत नाही कारण तिथे साखळी आहे आणि ती दिसते. इथे साखळी दिसत नाही. म्हणून बहुतेकजण म्हणतात की न दिसणारं द्रव्य आहे, आणि ते दिसणाऱ्याच्या कितीतरी पट आहे. डार्क मॅटर म्हणतात ते हेच.

मला ते पटत नाही. नाहीच असं मी म्हणत नाही. पुरावा पुरेसा नाही एवढंच म्हणते. ज्याला कोणी पकडलेलं नाही, ज्याचं नाव घ्यायचं कारण फक्त आपला हिशोब जुळत नाही हे आहे, त्यावर विश्वास ठेवायची मला घाई नाही. आमचे सर म्हणतात की बाई, तुम्ही चहातसुद्धा साखर दिसल्याशिवाय गोड म्हणायच्या नाहीत.

आता घरचं. इमारतीच्या मागच्या भिंतीची भेग हात जाईल एवढी झाली आहे. जिन्याला खालून लाकडी टेकू दिला आहे. महिनाअखेर घरं रिकामी करा, असा नगरपालिकेचा आदेश आहे. बाकीची सगळी बिऱ्हाडं गेली, आई आणि बाबा तेवढे उरले. माझ्याकडची खोली मी तयार ठेवली आहे. आई हलत नाही. दादाला हाच पत्ता माहीत आहे, म्हणते. आणि तो येऊन जातो, म्हणते. मी समजावलं तर मलाच म्हणाली की तुला दुर्बिणीत काही दिसलं तरी तू आधी काच पुसतेस.

ती तुझं ऐकेल. तू जा आणि दादा नाही हे तिला सांग. ती इमारत तिच्या अंगावर यायच्या आत सांग. बाबांकडून अपेक्षा करण्यात अर्थ नाही. मी विचारलं की ते मान हलवतात, ती उभी की आडवी हेसुद्धा कळत नाही.

मला विचारशील तर मी ठीक आहे. कामावर जाते, जेवते. जेवणाची चव कशी होती असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
ताई


१४ फेब्रुवारी

चि. भिंगऱ्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पायाची भिंगरी कुठल्या मुक्कामाला आहे ते ताईकडून कळलं. अंगात स्वेटर असतो ना? तू बरा असशील.

ताईने तुला माझ्याविरुद्ध भरवलं असणार. म्हणून मीच लिहिते. मला वेड लागलेलं नाही. रोज शिवणवर्गात मी बारा जणींच्या चुका उसवते, डोकं जागेवर असल्याशिवाय ते होत नाही.

आधी स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. मग जिन्यातला दिवा लागला. मग तुमच्या खोलीच्या खिडकीची करकर गेली, बिजागरीला कोणीतरी तेल घातलं होतं. आता निजायच्या खोलीतली भेग लांबीचा लगदा भरून बुजवली आहे. हे सगळं घर बंद असताना होतं. मी वर्गाला जाते, तुझे बाबा वाचनालयात जातात, तेवढ्यात. किल्ली आम्हा दोघांकडे आहे आणि तिसरी दादाकडे होती.

आणि स्क्रू बघ. दादा स्क्रू पिळून झाला की त्याच्या डोक्यावरची फट उभी आणायचा, सगळ्या एका ओळीत, शाळेतल्या मुलांसारख्या. तू त्याला हसायचास. खिडकीचे स्क्रू तसेच आहेत. आता सांग, हे दुसरं कोण करेल?

तो समोर येत नाही कारण त्याला काहीतरी अडचण असेल. मी विचारणार नाही. पण घर रिकामं दिसलं तर तो कुठे जाईल? मी नळ पहिल्यांदा बंद झालेला पाहिला त्या दिवशी पोटभर जेवले, हे बाबांना विचार.

बाबा बरे आहेत. अंगठ्याचं नख काळंनिळं करून घेतलं आहे, दारात सापडला म्हणाले. ज्या माणसाने एकदा फळी ठोकायला घेतली आणि भिंतीचा गिलावा खाली आणला, त्याला साधं दारसुद्धा लावता येऊ नये? छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, हातांना तेवढंच माहीत.

खाली ते दोन शब्द लिहिताहेत. माया कमी करू नकोस, आणि ताईचं सगळंच ऐकू नकोस.

तुझी,
आई

मी बरा आहे. थंडीत पायमोजे घालावेत. — बाबा


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार, आणि या वेळी उशीर नाही याची नोंद घ्यावी.

आईचं पत्र आलं. तू तिला उत्तर दे बघू. ते स्क्रू दादाशिवाय कोणी तसे बसवत नाही. मी त्याला हसायचो तेव्हा तो म्हणायचा की नंतर एखादा स्क्रू ढिला झाला तर फट वाकडी दिसते, लांबूनच कळतं. मला वाटायचं उगाच सांगतोय. आता आमच्या पाळण्याचे बोल्ट बघताना मीही खडूने उभी रेघ मारतो.

माझं म्हणणं ऐक. तुझे ते सर आणि बहुतेक सगळे शिकलेले लोक, तारे कसे फिरतात ते बघून म्हणतात की न दिसणारं काहीतरी आहे. आईसुद्धा घर कसं चालतंय ते बघून तेच म्हणते. मग त्यांना पगार आणि आई वेडी, हा कुठला न्याय? मी शाळेत मागच्या बाकावर होतो आणि तिथूनही अर्ध्यात उठलो, पण मला तरी दोन्हीकडे एकच गणित दिसतं.

आणखी एक. परवाच्या कागदामागे लांबच्या फुटलेल्या ताऱ्यांबद्दल काहीतरी होतं. लांबचे दिवे मंद दिसतात, त्यावरून विश्व वाढत्या वेगाने पसरतंय आणि त्याला कुठलीतरी अंधारी ऊर्जा रेटतेय, असं काहीसं समजलो. आता आमच्या फाटकापासून टोकापर्यंत दिव्यांची माळ आहे. टोकाचे दिवे मंद दिसतात. मीही समजायचो की लांब आहेत म्हणून. एकदा शिडी घेऊन तिथे गेलो तर जवळूनही मंदच. वायर लांब, म्हणून टोकापर्यंत वीज अर्धीमुर्धीच पोचते. तुमच्यापैकी कोणी शिडी लावली होती का? शिडीवरून आठवलं, इथल्या फुगेवाल्याकडे एक मांजर आहे, ते शिडीवर झोपतं आणि लोक त्याच्यासाठी तिकीट कुठे मिळेल विचारतात.

घरी जायचं म्हणतेस. जाऊन काय सांगू? मला स्वतःलाच माहीत नाही. आई म्हणते दादा आहे, तू म्हणतेस नाही. मी मध्ये लटकतोय आणि गंमत म्हणजे मला भीतीही वाटत नाही. बोट बरं झालं नाही, पण दुखत नाही.

लोभ करायला हरकत नसावी.

तुझा,
भिंगऱ्या


२२ फेब्रुवारी

चि. भिंगऱ्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की भावाला इकडे पाठवा आणि तुम्ही पाळण्यावर जा.

दिव्यांची शंका जुनी आहे, तरी बरोबर आहे. ते फुटणारे तारे सगळीकडे सारखेच तेजस्वी असतात, असं धरून लोक अंतर काढतात. लांबचे तारे म्हणजे जुन्या काळातले तारे. तेव्हाचे दिवे आजच्यासारखेच होते का, मध्ये धूळ किती, हे प्रश्न विचारले गेले आहेत आणि पुष्कळशी उत्तरंही आली आहेत. माझं समाधान झालेलं नाही. पण शिडी कोणालाच लावता येत नाही, मलाही नाही.

तुझ्या न्यायाबद्दल. हिशोब जुळत नाही तेव्हा तीन वाटा असतात. एक, न दिसणारं काहीतरी आहे. दोन, ओढीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा, नियमच लांबवर वेगळा आहे. तीन, जे दिसतंय त्याचंच वजन आपण चुकीचं केलंय. तिसरी वाट आमच्या लोकांनी आधी चोखाळली. मंद तारे, गार वायू, धूळ, सगळं पुन्हा मोजलं. पुरलं नाही. मी दुसऱ्या वाटेवर आहे. आणि खरं सांगते, ती माझीही वाट दीर्घिकांच्या मोठ्या थव्यांपाशी अडते, तिथे माझा हिशोबही कमीच पडतो. मी हे सरांपुढे कबूल केलं आहे. म्हणून मी कुणाला वेडं म्हणत नाही, आईला तर नाहीच. मी फक्त म्हणते की हवं आहे म्हणून मानू नका. आमचे लोक खोल खाणींमध्ये द्रवरूप वायूची पिंपं भरून त्या द्रव्याची वाट बघत बसलेत. काही येत नाही. मग ते आणखी मोठं पिंप आणतात. आई तेच करते आहे, आणि तिचं पिंप कोसळायला आलं आहे.

मी रविवारी घरी गेले होते. खिडकीचे स्क्रू पाहिले. फटी उभ्या आहेत, ते खरं. मी तिथे उभी राहिले आणि मला काही वाटेल म्हणून वाट पाहिली. काही वाटलं नाही. पण त्यांतल्या दोन स्क्रूंची डोकी खरवडून निघाली होती. हात घसरत होता, सवय नव्हती. दादाने आयुष्यात स्क्रूचं डोकं खराब केलं नाही. म्हणजे तो नव्हे. खालच्या मजल्यावरच्या वायरमनला फोनवर विचारलं, तर तो केव्हाच दुसरीकडे राहायला गेला आहे. उरली आई. मला वाटतं ती स्वतःच करते आणि तिला आठवत नाही. हे तिला सांगायचं धाडस मला नाही. म्हणून दारात एक कागदाचा कपटा अडकवून जाऊ का, कोण आलं ते कळेल, असं विचारलं. ती संतापली. घरच्या माणसाला सापळा लावतात का, म्हणाली. बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्रातली चूक पेन्सिलीने दुरुस्त करत होते. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

थोडे दिवस उरले. जिन्याचा टेकू एका बाजूने चेपला आहे. तू जा रे.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

चि. भिंगऱ्या,

आशीर्वाद. घाईत लिहिते आहे.

दादाची हत्यारांची पिशवी माळ्यावरून गेली. ती खाकी, जिचा बंद मी शिवून दिला होता. आज वर्गाहून आले, शिडी लावलेली होती आणि पिशवी नाही. दुसरं काहीही गेलेलं नाही. चोर असता तर माझं शिवणयंत्र सोडलं असतं का? तोच आला आणि आपली पिशवी घेऊन गेला. आता ताईला काय म्हणायचं आहे?

घर सोडायचा तर प्रश्नच नाही. तूच तिला समजाव.

सांगायला इथे कोणी नाही. बाबा सकाळीच बाहेरगावी गेले, जुन्या मित्राकडे दोन दिवस जाऊन येतो म्हणाले. त्यांना मित्र आहे हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवीनच. जाताना जिन्यात थांबले, काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. मग चष्मा पुसला आणि गेले.

जीव लावून आहेस तसाच राहा.

तुझी,
आई


२६ फेब्रुवारी, दुपार

ती. ताईस,

नमस्कार. आईचं पत्र आत्ताच मिळालं. तुलाही तिने कळवलं असेल. पिशवी गेली.

मी आता तुझं ऐकणार नाही. आज पाळणा बंद आहे, मोटर उघडून ठेवली आहे, सगळ्या खुर्च्या सरळ खाली लोंबताहेत. मी टेबलाशी बसून आधी आईला लिहायला घेतलं होतं. त्यात लिहिलं की आई, तू म्हणतेस ते खरं, दादाच येऊन गेला, तू हलू नकोस, मी येतो आणि आपण दोघं वाट बघू. ते पत्र पाकिटात घातलंय, तिकीटही लावलंय. आधी तुला कळवतो, मग पेटीत टाकतो. तू रागावशील. खरवडलेल्या स्क्रूंचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. पण समुद्रात काही झालं असेल, त्याचा हात दुखावला असेल, म्हणून घसरला असेल. असं का नसेल? बघ, मीसुद्धा मोठं पिंप आणायला शिकलो.

बाहेर कोणीतरी येतंय. मामांकडचा माणूस असेल, मोटरचा पट्टा बघायला. हळू चालतोय, प्रत्येक खुर्चीपाशी थांबून वर साखळीकडे बघतोय. थांब, मी खिडकी पुसतो.

ताई, बाबा आहेत.

बाबा इथे. गळ्यात मफलर आहे आणि खांद्याला दादाची खाकी पिशवी. त्यांनी मला पाहिलेलं नाही. पत्ता लिहिलेला कागद खिशात ठेवला. आता दारासमोर उभे आहेत. वाजवत नाहीत. वाऱ्याने दार हललं तसा त्यांनी बिजागरीला हात लावून पाहिला. पिशवी उघडली. स्क्रू ड्रायव्हर काढला.

मी जागचा उठलेलो नाही, नुसता लिहितोय. दाराच्या फटीतून त्यांचा हात दिसतो. काळं नख दिसतं. हात घसरतो, पुन्हा लावतात, पुन्हा घसरतो. जीभ दातात धरली आहे, छापखान्यातला कागद तपासताना धरायचे तशी. स्क्रू घट्ट बसला. ते एक पाऊल मागे झाले, मान तिरपी करून बघितलं, आणि पुन्हा पुढे येऊन त्याला अगदी थोडं फिरवलं. फट उभी आणली. मग दुसरा घेतला.

ते वाचनालयात जातच नव्हते ना गं?

तू वायरमनला विचारलंस, आईवर संशय घेतलास, मी समुद्रापर्यंत जाऊन आलो. खुर्चीतल्या माणसाचं वजन कोणी केलंच नाही. तुझी ती तिसरी वाट आपल्या घरी कोणी चाललंच नाही. नळ बंद झाला त्या दिवशी आई पोटभर जेवली, हे त्यांना विचार, असं तिनेच लिहिलं होतं. मी नाही विचारलं.

आता तिला सांगायचं आहे आणि ते त्यांच्या एकट्याच्याने होणार नाही, म्हणून आलेत. हे ते बोलणार नाहीत. मीच म्हणेन की चला, मी येतो. आईचं पाकीट फाडून टाकलं. सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतो. तूही घरी ये, खोलीची किल्ली घेऊन. तिघांनी मिळून सांगू.

दादा नाही गं, ताई.

बोट दुखायला लागलंय. चांगलंच ठणकतंय, पेन धरवत नाही. तुझा लोभ घरीच घेईन.

दार आता नीट लागलं. बाबा वाजवताहेत.

भिंगऱ्या